तक्त्यातली शेवटची ओळ

सुकेशनीनं नवऱ्याच्या पायाला गुंडाळलेलं फडकं सोडवलं, तेव्हा टाचेचं कातडंही फडक्याबरोबर निघून आलं.

ती तशीच थांबली. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात सिद्धोधनचा पाय. टाच सोललेल्या टोमॅटोसारखी लाल झाली होती आणि घोट्याजवळ पाण्यानं टरारलेले दोन फोड होते. दुसऱ्या कुणाचा पाय असा भाजला असता, तर त्यानं ओरडून गल्ली गोळा केली असती. सिद्धोधन छपराच्या पत्र्याकडे बघत निवांत पडून होता.

"आज लवकर सुटली शाळा?" त्यानं विचारलं.

"शनिवार आहे."

"मग काय बघायलीस एवढं?"

"काही नाही. फडकं चिकटलंय."

मागच्या दारानं सासू आत आल्या. रुख्मिणीबाईंनी चुलीतून शेकायची वीट पुन्हा तापवून आणली होती. चिमटा नाही, फडकं नाही, उघड्या तळहातावर ताटली आणावी तशी त्यांनी ती आणली होती.

"आत्याबाई, वीट खाली ठेवा."

"अगं, आता कुठं ऊन झाली. निवंल की."

"खाली ठेवा म्हणते ना!"

सुकेशनीचा आवाज असा कधी चढत नसे. रुख्मिणीबाई दचकल्या आणि मग त्यांना टाच दिसली. वीट त्यांनी भिंतीशी ठेवली आणि स्वतःचा तळहात उजेडाकडे धरून बघितला.

"माझ्या हाताला तर कोमटच लागली गं," त्या म्हणाल्या. "मी धरूनच आणली की. मला चटका न्हाई बसला, मग त्याला कसा बसला?"

त्या हाताची गोष्टच निराळी होती. सव्वीस वर्षं रुख्मिणीबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं, लिंबाजींनी, पूर्णेच्या काठच्या वीटभट्ट्यांवर काम केलं होतं. भट्टी फोडली की आतल्या धगधगत्या विटा पोरंबाळं नुसती लांबून बघत, आणि रुख्मिणीबाई हातानं उचलत. तळव्यांना चपलेच्या तळासारखं जाड कातडं आलं होतं. आईच्या हातावर निखारा ठेवला तर ती आधी त्याचं नाव-गाव विचारते, असं सिद्धोधन पूर्वी चेष्टेनं म्हणायचा. आता तो कसली चेष्टा करत नव्हता.

"मला कळलं आसतं तर सांगितलं आसतं, आई," तो एवढंच म्हणाला.

सहा महिन्यांमागे हाच माणूस ताडकळसच्या बसस्टँडमागं मोटरसायकली दुरुस्त करायचा. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. गाडी खोलायच्या आधी. एका गिऱ्हाइकाची गाडी सुधारली आणि चालवून बघायला म्हणून तो रस्त्याला लागला, तर तुरीच्या रानातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. रोही पळाली. सिद्धोधन कमरेवर आपटला, तो पुन्हा उठला नाही. पाठीच्या कण्यातली दोरी तुटली आहे, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सुकेशनीला बाजूला घेऊन सांगितलं. ती दहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होती. तिला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गरज सासूला होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात रुख्मिणीबाई तीन दिवस भिंतीला टेकून बसल्या होत्या; पाण्याचा घोट घेत नव्हत्या. आणि चौथ्या दिवशी सिद्धोधनच्या उशाखाली सुकेशनीला दाढीचं ब्लेड सापडलं. तिनं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हात धुतले, सासूला आत आणलं, आणि माय-लेकांच्या मधोमध स्टुलावर बसून ती वर्गात बोलते तसं बोलली. माणसाचं शरीर सारखं नवं होत असतं. पेशी दुभंगतात, एकीच्या दोन होतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं. कातडी महिन्यात नवी. रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिन्यांत बदलतात, यकृताला काही वर्षं लागतात, हाडाला दहा.

"आन पाठीचं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं होतं.

"वेळ लागतो," सुकेशनी म्हणाली होती.

एवढंच. दोन शब्द. तेवढ्यावर सासू पाणी प्याली आणि नवऱ्यानं दोन घास खाल्ले. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना सुकेशनीचा आवाज चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, घशातच राहायचा. शेजारच्या बाया म्हणायच्या, बिचारीचा गळा भरून येतो.

पण खोटं बोलून सोडून देता येत नाही, त्याला रोज खायला घालावं लागतं. रुख्मिणीबाईंनी सुनेचे दोन शब्द धरले आणि त्यांना आपल्या भट्टीचं शहाणपण जोडलं. कच्ची वीट साच्यातून काढली की ती आडवी वाळू द्यायची. घाई करून उभी केली तर वाकते, आणि वाकलेली वीट भाजली की जन्मभर वाकडी. पोराची पाठ आता कच्ची आहे. आत नवं येतंय. तोवर त्याला उठवायचं नाही, बसवायचं नाही, नुसतं आडवं ठेवायचं आणि ऊब द्यायची. चाकाची खुर्ची एका शिबिरातून मिळाली होती. ती प्लास्टिकसकट कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर गोधड्यांचा ढीग चढला होता.

सुकेशनीनं चार वेळा ती खुर्ची काढायचा विषय काढला. चारही वेळा सिद्धोधन म्हणाला, "आई म्हणती थांब. आन तूच तर म्हणालीस, येळ लागतो."

आपलेच दात, आपलेच ओठ.

दुकानाची किल्ली पलंगाशेजारच्या खुंटीला होती. दत्तराव मिस्त्री दुकान भाड्यानं मागायला आला, तर सिद्धोधननं त्याला उभंही राहू दिलं नाही. "दोन पायांवर जाऊन उघडीन मी," म्हणाला. त्यानंतर दुकानाचं नाव घरात कुणी काढलं नाही.

टाचेकडे आता तिघांचंही लक्ष होतं. पण सुकेशनीचा जीव टांगला होता तो वेगळ्याच जखमेला. पाच महिने आडवं पडून माकडहाडावर आधी लाल डाग आला होता, मग खड्डा. त्यात तिची करंगळी पेरभर जात होती. परभणीच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला तिला केबिनमध्ये थांबवून घेतलं होतं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. यांना अजून बसवत का नाही? दिवसातून चार-सहा तास खुर्चीत, दर थोड्या वेळानं हातावर जोर देऊन अंग उचलायचं. रात्री कुशी बदलायच्या. ही जखम हाडाला टेकली ना, की रक्तात विष होईल. पाय गेल्यानं माणूस मरत नाही. यानं मरतो."

"किती दिवस आहेत?"

"महिना धरा. तोही मी मोठ्या मनानं सांगतोय."

त्या महिन्यातले दहा दिवस तर टाच भाजायच्या आधीच गेले होते.

टाच भरून यायला लागली आणि दहावीच्या वर्गात पेशीविभाजनाचा धडा आला. हा धडा शिकवताना सुकेशनी दरवर्षी फळ्यावर एक तक्ता काढायची. पुस्तकात नसलेला, तिचा स्वतःचा. कुठली पेशी किती दिवसांनी नवी होते. पोरांना तो फार आवडायचा. आपलं पोट दर आठवड्याला नवं होतं हे कळल्यावर मागच्या बाकांवर हमखास हशा पिकायचा. या वर्षीही पिकला. तिनं आतडी लिहिली, त्वचा लिहिली, रक्त, यकृत, हाड. आणि खडू खाली ठेवला.

पहिल्या बाकावरच्या सत्यशीलानं हात वर केला.

"मॅडम, माझ्या ताईच्या वहीत आजून एक ओळ हाय."

"ती परीक्षेला येत नाही."

"पण ताईला तुमीच दिली होती ना?"

"नाही येत म्हटलं ना, सत्यशीला."

पोरगी खाली बसली. पण ती ताईची वही उघडून शेवटची ओळ गुपचूप आपल्या वहीत उतरवून घ्यायला लागली. चेतापेशी, आणि पुढं तीन शब्द. सुकेशनी टेबलापाशी उभी राहून ते पेन हलताना बघत राहिली. घंटा झाली तरी तिला कळलं नाही.

त्या दुपारी ती घरी आली तर सिद्धोधनला ताप होता. तिनं त्याला कुशीवर वळवलं, पट्टी काढली. वास आला. तो वास तिनं आजवर कधी घेतला नव्हता, तरी कसला आहे हे विचारावं लागलं नाही. जखमेची कड काळी पडली होती. तिनं नवी पट्टी कशीबशी बांधली आणि ती मागच्या दारानं अंगणात गेली, कारण तिला रडायचं होतं आणि घरात तेवढी जागा नव्हती.

अंगणात रुख्मिणीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चुलीत वीट होती.

"ये, माय. तुझीच वाट बघायले," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर तजेला होता. "टाच बघितलीस? कसं गुलाबी चामडं आलंय लेकराचं! महिना म्हणालीस, पंधरा दिवसांत आलं. बाहीरचं आलं म्हंजी आतलं बी येणार. आज पाठीवर ठिवते."

"काय ठेवता?"

"वीट. कण्यावर. ऊब लागली की लवकर धरंल." त्यांनी चिमट्यानं वीट बाहेर ओढली आणि सुनेकडं बघितलं. "पण माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला आता. तुझा हात मऊ हाय. तू लाव हात आन सांग, किती ऊन हाय ते."

विटेचा एक कोपरा धुरानं आणि तेलानं काळाठिक्कर पडला होता. सुकेशनी खाली बसली. तिनं विटेवर हात ठेवला. हात आपोआप मागं आला, तो तिनं पुन्हा ठेवला.

"अगं अगं, काय करायलीस!" रुख्मिणीबाईंनी तिचं मनगट धरून ओढलं.

"आत्याबाई, पाठीचं येत नसतं."

"आं?"

"कण्यातल्या पेशी नव्या होत नाहीत. कातडीच्या होतात, पोटाच्या होतात, हाडाच्या होतात. त्या होत नाहीत. एकदा तुटल्या की तुटल्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला."

"तू तर म्हणालीस येळ लागतो."

"खोटं बोलले."

चुलीतलं एक लाकूड बाहेर घसरलं होतं. रुख्मिणीबाईंनी ते आत सारलं. मग बाहेर ओढलं, आणि पाणी टाकून विझवलं.

"तू पोरांना शिकिवतीस," त्या म्हणाल्या. "मला सही करता येत न्हाई. तुझं बोलणं मी पुस्तकातलं समजून धरलं."

"तुम्ही तीन दिवस पाणी पीत नव्हता. आणि ह्यांच्या उशाखाली ब्लेड होतं."

हे रुख्मिणीबाईंना माहीत नव्हतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"आन ती पाठीची जखम?"

"झोपून झोपून झालीय. खुर्चीत बसवलं असतं तर झाली नसती. आता आठवडाभरात नाही बसवलं, तर..." तिनं भाजलेला हात पदरात आवळला. "ते राहणार नाहीत, आत्याबाई. आपले सिद्धोधन राहणार नाहीत."

"म्हंजी मी निजवून ठिवलं त्याला. कच्ची वीट, कच्ची वीट म्हणून."

"मी ठेवू दिलं."

रुख्मिणीबाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, सुनेला एक शिवी दिली नाही. दिली असती तर सुकेशनीला बरं वाटलं असतं. त्यांनी आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"हे चामडं महिन्याला नवं येतं म्हणालीस ना? मग हे आसं कसं? भट्टी सोडून सात वर्सं झाली."

"नवंच येतं. पण जिथं फार घासलं, फार भाजलं, तिथं शरीर जाड कातडं घालतं. नंतर सवय राहते."

"आन काळजाचं? छातीतलं?"

"त्या पेशीही जवळजवळ नव्या होत नाहीत. जन्माला येताना आणलेल्या बऱ्याचशा शेवटपर्यंत त्याच."

"हां," रुख्मिणीबाई म्हणाल्या, जणू हे एवढं मात्र त्यांना आधीपासून माहीत होतं. मग पदर सावरून त्या उठल्या आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं औषध सुकेशनीनं आणून दिलं, रात्रभर कुशी बदलल्या, पहाटे ताप थोडा उतरला. सकाळी सासू अंगणात पाठमोरी बसली होती. सुकेशनीनं चहा ठेवला, तोही तसाच निवला. पुन्हा तीन दिवस, असं सुकेशनीच्या मनात आलं. दोन जीव, आणि दोन्ही आपल्या जिभेनं घालवले. सकाळच्या तासांना ती गेली खरी, पण कुठल्या वर्गाला काय शिकवलं हे तिला सांगता आलं नसतं.

दुपारी ती परतली, तर घराच्या दाराशी चिखल होता.

घराला दोन उंच पायऱ्या होत्या. आता त्या दिसत नव्हत्या. त्यांच्या जागी उंबऱ्यापासून अंगणापर्यंत विटांचा उतार उतरला होता. परसात रचून ठेवलेल्या विटा, लिंबाजींनी हयात असताना पोराच्या वरच्या खोलीसाठी म्हणून जमवलेल्या, त्यातली एकही जागेवर नव्हती. रुख्मिणीबाई गुडघाभर मातीत बसून शेवटच्या ओळीच्या फटी बुजवत होत्या. खुर्ची प्लास्टिक फाडून उंबऱ्यात आणून ठेवलेली होती.

"आलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. हात धुवून त्या उतारानं वर गेल्या आणि चक्क खुर्चीत बसल्या. लुगडं गुडघ्यांशी दाबून धरलं, पाय खालच्या पट्टीवर ठेवले. "ढकल मला."

"आत्याबाई..."

"ढकल गं. हातानं चाचपून कळंना मला. अंगानं बघते."

सुकेशनीनं खुर्ची ढकलली. उजवं चाक कुरकुरत होतं. खुर्ची सावकाश उतारावरून खाली आली आणि तळाशी, जिथं विटा संपून जमीन लागत होती, तिथं खाडकन आदळली. म्हातारी कळवळली.

"हितं," त्या कमरेवर हात दाबत म्हणाल्या. "हितं धक्का बसतो. माझ्या पाठीला कळालं. त्याच्या पाठीला कळणार न्हाई, आन जखम उलंल. एक वीट कमी पडायली."

"विटा तर संपल्या."

रुख्मिणीबाई उठून घरातून मागच्या अंगणात गेल्या. सुकेशनी उंबऱ्यात थांबली. परत येताना त्यांच्या हातात ती काळ्या कोपऱ्याची वीट होती.

सिद्धोधन कुशीवर पडून सकाळपासून दाराकडे बघत होता. त्यानं सवयीनं पायावरचं पांघरूण बाजूला सारलं.

"शेक?"

"न्हाई, बाबा."

"का गं?"

आई पलंगाच्या पायथ्याशी थांबली. वीट तिनं पोटाशी धरली होती.

"दाराला लागायलीय," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

सिद्धोधननं बायकोकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं नजर चुकवली नाही.

"येळ लागतो म्हणालीस तू."

"हो."

"किती?"

सुकेशनीनं मान हलवली. डावीकडून उजवीकडे, एकदाच. मग तिनं दाराची चौकट धरली. सिद्धोधननं हातांनी पलंगाची कड पकडून आपलं कमरेवरचं अंग भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. ती त्याच्याजवळ जायला निघाली, तर त्यानं पाठमोऱ्यानंच हात वर करून तिला थांबवलं. खुंटीवरची किल्ली त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होती. बाहेर वीट बसवताना दगडानं ठोकल्याचा आवाज येत होता.

तो आवाज थांबला. बऱ्याच वेळानं खुर्ची वर ओढल्याचा आणि म्हातारीनं धापा टाकत बसल्याचा आवाज आला. कुणी ढकलायला नव्हतं. ती स्वतःच चाकं सोडत, धरत खाली येत असावी. कुर्र, कुर्र, कुर्र. तळाशी या वेळी आदळली नाही.

"उजवं चाक कोरडं हाय," सिद्धोधन भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला.

सुकेशनीनं चौकट सोडली.

"बेअरिंग खाईल आशानं. ग्रीसचा डबा दुकानात हाय, खालच्या फळीवर, डाव्या अंगाला." त्यानं हात लांबवला, खुंटीवरची किल्ली काढली आणि न बघताच मागं धरली. "झाकण घट्ट बसलं आसंल. आईला म्हणावं, तू नको झटू. हिकडं घेऊन ये. झाकण मी काढतो."